पंधरा मिनिटांचा स्कुबा, पन्नास वर्षांचं प्रवाळ

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली शिव्या घालणाऱ्यांचा वेळ वाचेल. मी स्कुबाच्या विरोधात नाही. स्नॉर्कलिंगच्या तर अजिबात नाही. दांडीवरच्या कितीतरी घरांत बहिणीच्या कॉलेजची फी, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि दारातली दुचाकी याच धंद्यातून आली, हे मला माहीत आहे. त्यातल्या निम्म्या पोरांना मी चड्डीत असल्यापासून ओळखतो. म्हणूनच लिहितोय. बाहेरच्या कोणी लिहिलं असतं तर ‘मुंबईचा पर्यावरणवाला’ म्हणून तुम्ही त्याला उडवून लावलं असतं. माझं तसं करता येणार नाही. मी रोज बाजारात भेटतो.

पूर्ण वाचा, मग बोला.

गेल्या रविवारची गोष्ट. पुण्याहून बहीण, भावोजी आणि नऊ वर्षांचा भाचा आले होते. मालवणला आल्यावर पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेलाच असतो. किल्ला, स्कुबा, दुपारी माशाचं जेवण, संध्याकाळी देवबागचा संगम. इतकी वर्षं मी बातम्यांसाठी किनाऱ्यावर फिरलो, पण गिऱ्हाईक म्हणून कधी होडीत बसलो नव्हतो. या वेळी बसलो.

धक्क्यावर एका कागदावर सह्या घेतल्या. वर लिहिलेलं काय, तर काही झालं तर जबाबदारी आमची, म्हणजे सही करणाऱ्याची. मी सही केली. भाच्याचं वय विचारलं. नऊ म्हटल्यावर समोरचा हसला, ‘चालतंय काका, सहा वर्षांची पण उतरतात.’ भावोजींच्या खिशात दम्याचा पंप होता. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही आणि मीही गप्प बसलो. पाहुण्यांचा मूड कशाला घालवा, असा विचार केला. एरवी दुसऱ्यांच्या निष्काळजीपणावर चार कॉलम लिहिणारा मी, तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही. हे आधी कबूल करतो.

होडी जागेवर पोहोचली. शाळेच्या मैदानाएवढा पाण्याचा तुकडा असेल. त्यावर आमची धरून अकरा होड्या. प्रत्येकीनं नांगर टाकलेला. बांधायला एकही बोया मला दिसला नाही. वारा फिरला की होडी फिरते, होडी फिरली की नांगराची साखळी तळावर घासत जाते. खाली काय आहे, ते सगळ्यांना माहीत होतं. त्याच्यासाठीच तर आलो होतो!

मी मास्क लावून वरच्या वर तरंगत राहिलो. खाली एक बाई दोन्ही पायांवर उभी, फोटोसाठी अंगठा वर. ती खडकावर उभी आहे असं तिला वाटत होतं. गाईडलाही बहुतेक तसंच वाटत होतं. तो खडक नव्हता, जिवंत प्रवाळ होतं. शेजारी दुसरा गाईड बाटलीतून पावाचा चुरा सोडत होता, म्हणजे व्हिडिओत मासे भरपूर यावेत. तिसऱ्या पर्यटकाच्या कमरेला इतकं वजन बांधलं होतं की बिचारा तळाशी गुडघे टेकूनच होता. त्याच्या पायांनी उडवलेली वाळू आजूबाजूच्या सगळ्यावर बसत होती.

भाचा वर आला तो मूठ घट्ट मिटून. ‘मामा बघ, दादानं गिफ्ट दिलं.’

मुठीत प्रवाळाचा ताजा तुटलेला तुकडा.

त्या पोराला मी दोष देत नाही. एकोणीस वर्षांचा असेल. लहान मुलाला खूश करावं एवढंच त्याच्या मनात. पण त्यानं जे दिलं ते कायद्यानं वाघाच्या यादीतलं आहे. दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून आहेत. वाघ, बिबट्या ज्या यादीत, त्याच यादीत. तोडणं, बाळगणं, विकणं, सगळ्याला तीन ते सात वर्षांची शिक्षा. मी तो तुकडा भाच्याच्या हातून काढून परत पाण्यात सोडला. त्यानं काही होत नाही, ते मलाही माहीत आहे. भाचा रात्री जेवताना कान धरून रडत होता. कान दुखतोय म्हणाला. तो का दुखला ते पुढे सांगतो.

आता मुद्द्यावर येतो.

नवशिक्याला उथळ पाणी लागतं. तीन-चार मीटर, फार तर सहा. तिथे उजेड असतो, भीती कमी वाटते, काही झालं तर पटकन वर येता येतं. आणि प्रवाळालाही नेमकं हेच पाणी लागतं. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. ऊन पोहोचलं नाही तर प्रवाळ उपाशी. अंदमान-लक्षद्वीपला पाणी काचेसारखं असतं, तिथे ऊन खोलवर जातं. आपल्याकडे नद्यांचा गाळ येतो, पाणी गढूळ. त्यामुळे आपलं प्रवाळ आणखीच वरच्या, उथळ पट्ट्यात अडकलेलं आहे.

म्हणजे ज्या दोन-चार मीटर पाण्यात आपण आयुष्यात पहिल्यांदा मास्क लावणाऱ्या, पोहायला न येणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या माणसाला सोडतो, त्याच दोन-चार मीटरमध्ये आपलं सगळं भांडवल आहे. नवशिका आणि प्रवाळ, दोघांची जागा एकच. खोल समुद्रात डायव्हिंग करणारा तरबेज माणूस प्रवाळाला फारसा लागत नाही. लागतो तो नवशिका. म्हणून ‘आमचं काय, साधं बिगिनर स्कुबा आहे’ हे वाक्य बचावाचं नाही. खरी काळजी तिथेच आहे.

आणि वाढीचा हिशेब बघा. आपल्याकडचं बरंचसं प्रवाळ गोलसर, दगडासारखं वाढणारं. ते वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं, कधी थोडं जास्त, कधी कमी. ती बाई ज्याच्यावर उभी होती, तो गोळा अर्धा मीटर तरी उंच होता. म्हणजे त्याला चाळीस-पन्नास वर्षं लागली. माझ्या जन्माच्या आसपास तो रुजला असणार. त्याच्यावर ती पंधरा मिनिटं उभी राहिली. तिच्या आधी एक होती, तिच्यानंतर एक येणार होती.

आता कानाचं आणि फुप्फुसाचं. हे पालकांनी नीट वाचा.

पाण्यात दहा मीटर खाली गेलात तर अंगावरचा दाब दुप्पट होतो. त्यामुळे सगळ्यात जलद फरक पडतो तो पहिल्या दहा मीटरमध्येच, म्हणजे याच ‘सोप्या’ उथळ पट्ट्यात. खाली जाताना नाक दाबून कानात हवा भरायची असते, दर थोड्या अंतरावर, दुखायला लागायच्या आधी. हे शिकायला पाच-दहा मिनिटं लागतात. भाच्याला कोणी शिकवलं नाही. त्याला सरळ टाकीला धरून खाली नेला.

कान दुखून बरा होतो. फुप्फुसाचं तसं नाही. सिलिंडरमधली हवा घेतल्यावर श्वास रोखून वर यायचं नसतं, कारण वर येताना आतली हवा फुगते. भरलेल्या फुप्फुसानं श्वास रोखून सव्वा-दीड मीटरवरून वर आलात तरी इजा होऊ शकते. कमरेएवढ्या पाण्याहून थोडं जास्त, एवढंच. आणि घाबरलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो? श्वास रोखतो आणि वर पळतो. दमा असलेल्याला धोका जास्त, म्हणून जगभरात पहिल्या डाइव्हच्या आधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात आणि त्यात दम्याचा प्रश्न असतोच. सगळ्यात जास्त चालणाऱ्या पाडी संस्थेच्या नियमात समुद्रातल्या पहिल्या ओळखीच्या डाइव्हला किमान वय दहा, खोली जास्तीत जास्त बारा मीटर, आणि समुद्रात नेण्याआधी उथळ शांत पाण्यात सराव. तोंडातला रेग्युलेटर सुटला तर काय करायचं, मास्कमध्ये पाणी गेलं तर कसं काढायचं, खुणा कोणत्या. वर हेही सांगतात की डाइव्हनंतर किमान बारा तास विमानात बसू नका. आता चिपीला विमानतळ झालाय. सकाळी स्कुबा आणि दुपारी विमान, असा बेत करणारे पाहुणे तुम्हाला भेटले नसतील, असं मला वाटत नाही. त्यांना हे कोणी सांगतं का?

24 मे 2022 विसरलात का? स्कुबा करून परतणारी पर्यटकांची होडी तारकर्लीजवळ उलटली. दोन माणसं गेली. त्यानंतर आठवडाभर लाइफ जॅकेट, परवाने, तपासण्या असं सगळं सुरू झालं. मीही बातम्या केल्या. मग दिवाळीचा सीझन आला आणि सगळे, मीसुद्धा, विसरलो. तेव्हा मरण होडीच्या बाबतीत आलं. पाण्याखालच्या बाबतीत येईपर्यंत थांबायचं का?

आता तुमचं काय म्हणणं असणार ते मला माहीत आहे. चार गोष्टी येणार. एकेक घेतो.

पहिली. ‘आमच्या पोटार पाय कित्याक देतास?’

नाही देत. उलटं विचारतो, तुमच्या पोटावर पाय कोण देतंय? दर कोणी पाडले? किल्ला, डॉल्फिन, स्कुबा आणि व्हिडिओ फुकट, अशा पाट्या लागल्या. शेजारच्यापेक्षा शंभरनं कमी, त्याच्या शेजारच्यानं आणखी पन्नासनं कमी. दर पडला की दिवसाला जास्त फेऱ्या. जास्त फेऱ्या म्हणजे शिकवायला वेळ नाही. शिकवलं नाही म्हणजे माणूस प्रवाळावर उभा. प्रवाळ मेलं की मासे गेले. मासे गेले की पावाचा चुरा. हे दुष्टचक्र कोणा पर्यावरणवाल्यानं नाही लावलेलं. आणि यात कमावतो कोण? पाण्यात उतरणारा पोरगा रोजावर. मधले एजंट, हॉटेलवर बसून गिऱ्हाईक पाठवणारे, त्यांचं कमिशन पक्कं. प्रवाळ संपलं तर एजंट उद्या दुसऱ्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक पाठवेल. दांडीचा पोरगा कुठे जाणार? मासेमारीवर परत? तिथे काय उरलंय ते आपण रोज बघतो. रापणीला माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर मासे मिळत नाहीत.

दुसरी. ‘खरं नुकसान पर्ससीन आणि एलईडीवाले करतात, त्यांना विचारा.’

विचारतो. गेली पंधरा वर्षं विचारतोय, त्याच्या बातम्या तुम्हीच शेअर केल्यात. पारंपरिक मच्छीमारांच्या आंदोलनात मी उन्हात उभा राहिलोय. पण दुसरा चोर मोठा आहे म्हणून आपल्या घरातली चोरी माफ होत नाही. आणि जो माणूस बाहेरच्या ट्रॉलरला म्हणतो ‘आमचा समुद्र ओरबाडू नको’, त्यानं स्वतः तो ओरबाडला तर पुढच्या आंदोलनात त्याचं ऐकणार कोण?

तिसरी. ‘प्रवाळ मरतंय ते समुद्र तापल्यामुळे. आम्ही काय करणार?’

अर्धं खरं आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दीड अंशानं तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. 1998, 2010, 2016 ला हे जगभर झालं. 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्यांदा जगभर असं होत असल्याचं जाहीर केलं. हे मालवणच्या होडीवाल्याच्या हातात नाही, मान्य.

पण पांढरं पडलं म्हणजे लगेच मेलं असं नाही. पाणी थंड झालं तर ते सावरू शकतं, आजारातून उठणाऱ्या माणसासारखं. आता सांगा, आपल्याकडे समुद्र सगळ्यात गरम कधी असतो? पावसाच्या आधी. एप्रिल-मे. आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त गर्दी कधी? शाळांना सुट्ट्या लागल्यावर. एप्रिल-मे. म्हणजे प्रवाळाला ताप भरलेला असतो नेमका तेव्हा आपण त्याच्या अंगावर दिवसभर माणसं उभी करतो. तापाच्या रोग्याला कोणी लाथा मारतं का? ताप आपण घालवू शकत नाही, पण लाथा तर थांबवू शकतो.

चौथी. ‘पर्यटकाला मासे दिसले नाहीत तर तो पैसे परत मागतो, शिकवायला गेलो तर कंटाळतो.’

हे मात्र खरं आणि याची जबाबदारी माझ्यासारख्यांचीही आहे. आम्ही रील बघून, पुरवण्या छापून पर्यटकाला अंदमानची स्वप्नं दाखवली. मालवणचं पाणी तसं नाही. पाऊस संपल्यावर दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत बरं दिसतं, कधी पाच मीटर, कधी तेवढंही नाही. आहे ते असं सांगून विकता येतं. पण ‘रंगीबेरंगी दुनिया’ अशी पाटी लावली की मग पाव टाकावा लागतो. आणि पावाचं काय होतं? पाव खाणारे धीट मासे त्या जागी गोळा होतात. प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवणाऱ्या माशांना त्या गर्दीत जागा राहत नाही. शेवाळ वाढलं की प्रवाळ त्याच्याखाली गुदमरतं.

आणि शिकवण्याबद्दल एक अभ्यास सांगतो. कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर डायव्हर्सच्या मागे पोहत जाऊन कोण किती वेळा प्रवाळाला लागतं ते मोजलं गेलं. 2004 ला तो प्रसिद्ध झाला. दर चार डायव्हरमधले जवळजवळ तीन कुठे ना कुठे लागलेच, आणि बहुतेक वेळा पायातल्या फिन्सनी. कॅमेरेवाले जास्त लागले. होडीवर एखादं वाक्य सांगून सोडण्याचा काही उपयोग झाला नाही. पण पाण्याखाली गाईडनं हात लावून, खूण करून तिथल्या तिथे अडवलं, तेव्हा लागण्याचं प्रमाण एक तृतीयांशावर आलं. म्हणजे जेटीवरचा फलक किंवा फॉर्मवरची ओळ प्रवाळाला वाचवत नाही. वाचवतो तो पाण्यात उतरलेला गाईड. त्याच्याकडे एकाच वेळी चार माणसं, हातात कॅमेरा आणि डोक्यात पुढची फेरी असेल, तर तो कोणाला अडवणार?

आता सरकारकडे येतो, नाहीतर म्हणाल सरकारला सोडलं.

1987 साली सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा सुमारे 29 चौरस किलोमीटर समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मच्छीमारांना विश्वासात न घेता. गावं पेटली, आणि पेटणं बरोबरच होतं. ज्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या जगलो त्याला कोणी मुंबईत बसून कुंपण घालणार असेल तर विरोध होणारच. त्या विरोधामुळे अभयारण्य कागदावर राहिलं. वर्षं गेली. आता अवस्था अशी, की प्रवाळ एका खात्याचं, होडीचा परवाना दुसऱ्याचा, मासे तिसऱ्याचे आणि पर्यटन चौथ्याचं. या पोस्टसाठी मी तीन कार्यालयांत फोन केले. तिघांनीही बाकीच्या दोघांचे नंबर दिले.

आणि घोषणांना तोटा नाही. नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार निवतीच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलं. करा, माझा विरोध नाही. लोखंडी जहाजावर कोणी पाय ठेवला तर काही बिघडत नाही, गर्दी तिकडे वळली तर चांगलंच. पण जहाज बुडवायला पैसे आणि जिवंत प्रवाळावर नांगर पडू नये म्हणून चार बोये टाकायचे तर फाइल फिरते, हा कुठला न्याय?

बोया ही काही रॉकेट बनवण्याची गोष्ट नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर 1981 पासून तळात पक्का खिळा ठोकून, त्याला दोर आणि वर बोया, अशी पद्धत सुरू झाली. होडी आली की बोयाला बांधायची, नांगर टाकायचाच नाही. कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटानं 1979 ला आपला सगळा किनाऱ्याजवळचा समुद्र संरक्षित केला. तिथे प्रवाळावर नांगर टाकायला बंदी, हातमोजे घालायला बंदी. का? तर हातमोजे असले की माणूस प्रवाळाला धरतो, नसले की घाबरून लांब राहतो. 1992 पासून प्रत्येक डायव्हरकडून फी घेतात आणि त्यातून बोये आणि राखणदारांचा खर्च चालतो. हवाईतला हनौमा बे ही तर खास नवशिक्यांच्या स्नॉर्कलिंगची जागा, अगदी उथळ. एके काळी तिथे आपल्यासारखीच जत्रा भरायची. आता पाण्यात जायच्या आधी सगळ्यांना माहितीपट बघावा लागतो, माशांना खायला घालायला बंदी, आणि सोमवार-मंगळवार जागा बंद. पूर्ण बंद. तरी पर्यटक आधी नोंदणी करून रांगा लावतात.

हे सगळे श्रीमंत देश, असं म्हणाल. मग वेंगुर्ल्याला जाऊन या. मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफारी चालवतात. होडी त्यांचीच, वल्ही त्यांच्याच हातात, माहिती त्याच सांगतात. कोणी चिखलात उतरत नाही, कोणी फांदी मोडत नाही. आणि पाहुणे दुरून शोधत येतात.

तर मागण्या. सरकारकडे नंतर, आधी आपल्या लोकांकडे.

एक. पहिली पंधरा मिनिटं प्रवाळावर नको, वाळूवर. किनाऱ्याजवळ वाळूचा तळ असलेल्या जागा आपल्याकडे भरपूर आहेत. श्वास, कान, मास्क, खुणा तिथे शिकवा. ज्याला तिथे जमलं नाही त्याला प्रवाळावर न्यायचंच नाही. त्याला वरून स्नॉर्कलिंग दाखवा, पैसे कमी घ्या. लाइफ जॅकेट घालून पोटावर तरंगणारा माणूस खालचं काही मोडत नाही. मोडतो तो उभा राहणारा.

दोन. एका गाईडमागे पहिल्यांदा उतरणारा एकच माणूस. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात. दहा वर्षांखालचं मूल सिलिंडर लावून उतरवायचं नाही, बाप कितीही आग्रह करो. माझ्यासारख्या मामाचा तर अजिबात ऐकायचा नाही. दमा, हृदय, फिट, कानाचं ऑपरेशन हे चार प्रश्न तोंडी विचारायचे.

तीन. पाव, बिस्कीट, चुरा बंद. प्रवाळाचा तुकडा कोणाला देणं तर सोडाच, विकणाऱ्याला किनाऱ्यावर उभं करायचं नाही.

चार. प्रवाळावर नांगर बंद. बोये येईपर्यंत नांगर बाजूच्या वाळूत टाकायचा आणि माणसं पोहवत आणायची. त्रास आहे, पण होतं.

पाच. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातला एक दिवस सुट्टी, आणि जागा आलटून पालटून. एका जागेवर एका वेळी किती होड्या, तो आकडा आपणच ठरवायचा, कार्यालयातल्या माणसानं नाही.

सहा. दराला तळ ठरवा. त्याच्या खाली कोणी जायचं नाही. आणि प्रत्येक पर्यटकामागे थोडी रक्कम वेगळी काढा, बोये आणि पोरांच्या प्रशिक्षणासाठी. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे, आपल्याच दारात. तिथे आपली किती पोरं शिकून प्रमाणपत्र घेऊन आली, हे प्रत्येक मालकानं स्वतःला विचारावं. जमाखर्च देवळाच्या फळ्यावर लावतो तसा धक्क्यावर लावा. म्हणजे पैसे खाल्ले असं म्हणायला कोणाला जागा नाही, मलाही नाही.

सरकारकडे मागणी एकच. हे सगळं लोकांनी ठरवल्यावर त्याला कायद्याचं बळ द्या, आणि चारही खाती एका टेबलावर बसवा. 1987 सारखं वरून लादू नका. पण लोकांनी ठरवलेलं मोडणारा कोणी असेल, मग तो कोणाचा का माणूस असेना, त्याचा परवाना रद्द करा. त्या वेळी फोन आला म्हणून सोडू नका.

आता वेळेचं. पावसाळ्यात धंदा बंद असतो. होड्या वर ओढलेल्या, पोरं मोकळी. तीन महिने हातात आहेत. सप्टेंबरमध्ये पुन्हा गर्दी सुरू झाली की कोणाला बसायला वेळ नसतो. बैठक व्हायची तर ती जून-जुलैमध्येच. जागा कोणाचीही असो, मी येईन. चहाचा खर्च माझा. मला शिव्या द्यायच्या असतील तर तिथेच द्या, समोर बसून.

1987 ला आपण म्हणालो होतो, आमचा समुद्र आम्ही सांभाळू, तुमचं अभयारण्य नको. मी तेव्हा शाळेत होतो, पण ते भाषण मला आठवतं, कारण ते माझ्याच आळीतल्या माणसानं केलं होतं. तो माणूस आता नाही. त्याचा नातू स्कुबाच्या होडीवर आहे. चांगला डायव्हर आहे, मनात आणलं तर उत्तम शिकवतो. ‘आम्ही सांभाळू’ हे खरं करून दाखवायची पाळी आता त्याच्यावर आणि आपल्यावर आहे. आपण नाही केलं तर उद्या पुन्हा कुंपण येईल, आणि या वेळी विरोध करायला आपल्या तोंडात शब्द नसेल.

भाच्याचा कान आता बरा आहे. काल फोनवर विचारत होता, पुढच्या मेमध्ये परत जायचं का. मी म्हटलं, दहा पूर्ण झाल्यावर ये, आधी वाळूवर शिक, मग नेतो. तो म्हणाला, ‘आणि तो तुकडा, तो परत चिकटला असेल का?’

मी काही बोललो नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?

पटलं तर शेअर करा, विशेषतः होडीवाल्यांच्या ग्रुपवर. पटलं नाही तर मुद्दा क्रमांक लिहून बोला. उत्तर देईन.